मूत्रवाहिनीची जन्मजात वैचित्र्ये : एक आढावा

पोटदुखीचे कारण शोधण्यासाठी, मुतखड्याच्या संशयावरून, अपघातानंतर आतील अवयवांस इजा झाली आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी, अथवा नातलगास मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या निरोगी मनुष्याची पात्रता ठरविण्यासाठी जी चित्रणे आज शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतूनही होत असतात, त्यांच्या अहवालांत कधीकधी असा मजकूर आढळतो की ज्याचा मूळ तक्रारीशी काडीमात्र संबंध नसतो. उजवी मूत्रवाहिनी अधोमहानीलेच्या मागून गेलेली आहे, किंवा डाव्या मूत्रपिंडास एकाऐवजी दोन मूत्रवाहिन्या आहेत, अशा आशयाचे ते एखादेच वाक्य असते. ज्याच्या हाती हा अहवाल पडतो तो मनुष्य पुष्कळदा तीस-चाळीस वर्षे त्याच मूत्रवाहिनीनिशी सुखाने वावरलेला असतो. परंतु ते वाक्य वाचल्यापासून तो स्वतःस रोगी समजू लागतो. त्याची समजूत घालणाऱ्यांचीही दोन टोके दिसतात: कोणी ती ओळ वाचून न वाचल्यासारखी करतो, तर कोणी शस्त्रक्रियेची तजवीज करण्याची घाई करतो. ही दोन्ही टोके टाळावयाची असतील तर रचना निराळी असणे ही एक गोष्ट आहे आणि कार्य बिघडणे ही दुसरी गोष्ट आहे, हा भेद प्रथम मनात पक्का केला पाहिजे. उपचार करावयाचा तो बिघडलेल्या कार्यावर. निराळ्या रचनेची मात्र, कार्य बिघडलेले असो वा नसो, नोंद राहिली पाहिजे. या दोन विधानांचा आधार काय, हे पाहण्यासाठी हा आढावा आहे.

मूत्रवाहिनी ही सामान्यतः २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, तीन ते पाच मिलिमीटर व्यासाची स्नायुमय नळी होय. मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र ती मूत्राशयापर्यंत पोहोचविते. आणि हे काम ती नुसत्या उताराच्या बळावर करीत नाही, तर तिच्या भिंतीतील स्नायूंच्या लाटा वरून खाली सरकत जाऊन मूत्राचे लहान लहान घोट पुढे ढकलीत असतात, म्हणूनच आडवे निजलेल्या मनुष्याचेही मूत्र मूत्राशयात जमते. मूत्र मूत्रपिंडातून मूत्राशयात येते हे गेलेन या प्राचीन वैद्याने जिवंत प्राण्यांच्या मूत्रवाहिन्या बांधून सिद्ध केले होते: गाठ बांधली की मूत्राशय रिता राही आणि गाठीच्या वरचा भाग फुगे. त्या प्रयोगात जे दिसले तेच आजही या विषयाचे सार आहे. कारण मूत्रवाहिनीचे कोणतेही वैचित्र्य घेतले तरी शेवटी विचारावयाचा प्रश्न एवढाच असतो की वरचा भाग फुगला आहे काय, आणि फुगला असल्यास मूत्रपिंड किती झिजले आहे.

या नळीच्या घडणीत एवढी विविधता का संभवते, याचा खुलासा गर्भविज्ञानात सापडतो. मानवी गर्भात मूत्रपिंडाच्या तीन पिढ्या एकामागून एक निर्माण होतात. पहिली निरुपयोगीच नाहीशी होते, दुसरी काही काळ काम करून मावळते आणि तिसरीच कायम राहते. मधल्या पिढीच्या नलिकेस, अठराव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ कास्पर फ्रीड्रिख वोल्फ याच्या नावावरून, वोल्फची नलिका म्हणतात. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास या नलिकेच्या खालच्या टोकाजवळ एक अंकुर फुटतो, तो वाढत जाऊन जवळच्या पेशिसमूहात शिरतो, तेथे त्याला वारंवार शाखा फुटतात, आणि त्या अंकुराची मूत्रवाहिनी व पेशिसमूहाचे मूत्रपिंड बनते. अंकुर कोठे आणि किती फुटावेत हे जी. डी. एन. एफ. नावाचे प्रथिन आणि त्याचा संदेश घेणारा 'रेट' नावाचा ग्राहक यांच्या परस्पर व्यवहाराने ठरते, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. या व्यवहारात थोडा फेरफार झाला की अंकुर दोन फुटतात, किंवा एकच अंकुर वाटेत दुभंगतो, किंवा नेहमीच्या जागेपेक्षा वर अथवा खाली फुटतो. शिवाय या सुमारास मूत्रपिंड ओटीपोटातून कमरेच्या पातळीपर्यंत वर चढत असते आणि भोवतालच्या रक्तवाहिन्यांची मांडणीही बदलत असते. त्या धामधुमीत कोणती वाहिनी कोणाच्या पुढे अथवा मागे राहते यावर मूत्रवाहिनीचा जन्मभराचा मार्ग मुकरर होतो.

या वैचित्र्यांचे वर्गीकरण संख्या, मुखाचे स्थान, व्यास आणि मार्ग या चार कसोट्यांवर करणे सोयीचे पडते.

संख्येचे वैचित्र्य सर्वांत अधिक आढळते. दुहेरी मूत्रवाहिनी शंभर माणसांत साधारणपणे एकास असते, स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक असते, आणि दोन्ही बाजूंपेक्षा एकाच बाजूस ती असण्याचा संभव जास्त असतो. अंकुर वाटेत दुभंगला तर दोन नळ्या खाली येता येता एक होतात, हा अपूर्ण प्रकार. मुळात दोन अंकुर फुटले तर दोन्ही नळ्या मूत्राशयात स्वतंत्रपणे उघडतात, हा पूर्ण प्रकार. पूर्ण प्रकारातील मुखांच्या मांडणीविषयी एक नियम आहे, तो कार्ल वायगर्ट याने १८७७ मध्ये मांडला आणि रॉबर्ट मायर याने १९०७ मध्ये परिपूर्ण केला. मूत्रपिंडाच्या वरच्या भागाची नळी मूत्राशयात खाली व मध्यरेषेकडे उघडते, आणि खालच्या भागाची नळी वर व बाहेरच्या अंगास उघडते, असा तो नियम होय. त्याचे व्यावहारिक फलित असे की वरच्या भागाच्या नळीस अडथळ्याचे भय असते, तर खालच्या भागाच्या नळीत मूत्राशयातले मूत्र उलट चढण्याचे भय असते. नियमास अपवाद आहेत, परंतु शल्यचिकित्सक आजही त्याच नियमाच्या आधारे चित्र वाचतात. तिहेरी मूत्रवाहिनी अतिशय विरळ; तिचे चार प्रकार स्मिथ या संशोधकाने १९४६ मध्ये वर्णिले. एक शाखा मूत्रपिंडापर्यंत न पोहोचता मध्येच बंद होणे, किंवा वर एक असलेली नळी खाली दोन होऊन उघडणे, असेही प्रकार नोंदले गेले आहेत. ते शास्त्राच्या दप्तरात असावेत एवढेच त्यांचे सामान्य वाचकाच्या दृष्टीने महत्त्व.

मुखाच्या स्थानाचे वैचित्र्य मात्र उपेक्षणीय नव्हे. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या नेहमीच्या जागी न उघडता भलतीकडे उघडली तर पुरुषात ती मूत्र आवरणाऱ्या बाह्य स्नायुवलयाच्या वरच उघडते, आणि म्हणून पुरुषास मूत्र गळण्याची व्याधी या कारणाने होत नाही. स्त्रीमध्ये ती त्या वलयाच्या खाली, मूत्रमार्गात किंवा योनिमार्गातही उघडू शकते. अशा मुलीस ठरलेल्या वेळी लघवी होते आणि तरीही तिची वस्त्रे अहोरात्र किंचित ओली राहतात. आमच्या घरांतून अशा मुलीस आळशी, अजागळ, वाईट सवयीची ठरविण्यात येते, तिला बोल लावले जातात, क्वचित मारही बसतो. वस्तुतः तिची सवय चुकलेली नसून एका नळीचे तोंड चुकलेले असते. नियमित लघवी होत असूनही जन्मापासून सतत ओलावा राहणे हे लक्षण एवढे सूचक आहे की ते ऐकताच भलतीकडे उघडणाऱ्या मूत्रवाहिनीचा शोध घेणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते. येथे वैचित्र्य अकस्मात सापडण्याची वाट पाहणे हाच दोष होय. आणि इलाज झाला असता ओलावा कायमचा थांबतो.

व्यासाच्या वैचित्र्याविषयी थोडक्यात सांगता येईल. सात मिलिमीटरहून अधिक रुंद झालेल्या मूत्रवाहिनीस विस्तृत मूत्रवाहिनी म्हणतात. तिच्या मुळाशी अडथळा असेल, उलटा प्रवाह असेल, दोन्ही असतील किंवा दोन्हीही नसतील. गर्भावस्थेतील सोनोग्राफीने अशी अनेक बालके जन्मापूर्वीच ओळखली जातात, आणि अडथळा व उलटा प्रवाह हे दोन्ही नसलेल्या बालकांपैकी पुष्कळांचा विस्तार वाढीबरोबर आपोआप ओसरतो. मूत्रवाहिनीचे मूत्राशयातील टोक फुग्यासारखे फुगणे हाही एक परिचित प्रकार असून, क्ष-किरण चित्रात त्याचा आकार नागाच्या फण्यासारखा दिसतो असे त्याचे वर्णन ग्रंथांत केलेले असते.

आता मार्गाचे वैचित्र्य. अकस्मात सापडणाऱ्या विरळ वैचित्र्यांचा नमुना म्हणून महानीलेच्या मागून जाणाऱ्या मूत्रवाहिनीचा विचार थोड्या विस्ताराने करणे योग्य होईल, कारण या एका उदाहरणात साऱ्या विषयाचे मर्म एकवटलेले आहे. उजवी मूत्रवाहिनी सामान्यतः अधोमहानीलेच्या, म्हणजे शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या थोर नीलेच्या, उजव्या अंगाने सरळ खाली उतरते. या वैचित्र्यात ती तिसऱ्या-चौथ्या कटिमणक्याच्या पातळीवर मध्यरेषेकडे वळते, नीलेच्या मागे शिरते, नीला आणि महारोहिणी यांच्या मधून बाहेर पडते, आणि नीलेच्या पुढून पुन्हा उजवीकडे येऊन आपला मार्ग धरते. ऑस्ट्रियन शरीरशास्त्रज्ञ फर्डिनांड होखस्टेटर याने १८९३ मध्ये तिचे वर्णन केले. वैचित्र्य मूत्रवाहिनीच्या नावावर नोंदले गेले असले तरी चूक तिची नाही. गर्भात नीलांच्या ज्या जोड्या असतात त्यांतील 'सुप्राकार्डिनल' नावाची जोडी मूत्रवाहिनीच्या मागे असते, आणि तिच्यातील उजव्या नीलेपासून महानीलेचा मूत्रपिंडाखालचा भाग बनावयाचा असतो. 'पोस्टीरिअर कार्डिनल' नावाची दुसरी जोडी, जिने नाहीशी व्हावयाचे, ती मूत्रवाहिनीच्या पुढे असते. ही पुढची नीलाच उजव्या बाजूस टिकून राहिली आणि तिचीच महानीला बनली, तर बिचारी मूत्रवाहिनी मागे अडकून पडते. डाव्या बाजूस हा प्रकार अत्यंत क्वचित, आणि तोही अवयवांची उजवी-डावी मांडणी उलट असलेल्या किंवा महानीला दुहेरी असलेल्या शरीरांत आढळतो, यावरूनही दोष नीलेचा असल्याची साक्ष पटते.

बेटसन आणि अॅटकिन्सन यांनी १९६९ मध्ये या वैचित्र्याचे दोन प्रकार केले, ते आजही मानले जातात. पहिल्यात वळण खालच्या पातळीवर असते, मूत्रवाहिनीचा वरचा फुगलेला भाग मासे धरण्याच्या गळासारखा वाकलेला दिसतो, आणि मूत्रपिंडाची फुगवट मध्यम ते तीव्र असते. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारातले. दुसऱ्यात वळण मूत्रपिंडाच्या जवळच, वरच्या पातळीवर असून ते विळ्यासारखे सौम्य असते. सुमारे दहांत एक रुग्ण या प्रकारचा, आणि त्यास फुगवट अल्प असते किंवा नसतेच. जन्मतः असलेले हे वैचित्र्य लक्षणे दाखविते ते बहुधा वयाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात: उजव्या कुशीत ठणका, वारंवार होणारा मूत्रदोष, लघवीत रक्त, अथवा साचलेल्या मूत्रात झालेला मुतखडा. अनेकांत मात्र कोणतेही लक्षण नसते, आणि वैचित्र्य दुसऱ्याच कारणाने केलेल्या चित्रात प्रकट होते.

दुर्मीळपणाविषयी येथे एक विचार मांडणे अवश्य आहे. शवविच्छेदनांच्या आधारे हे वैचित्र्य १,००० ते १,५०० माणसांत एकास असते, आणि पुरुषांत स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट आढळते, असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. हाच हिशेब लावला तर ज्यांची मूत्रवाहिनी महानीलेस वळसा घालून जाते अशी सुमारे पाऊण लाख ते एक लाख बारा हजारांच्या दरम्यान माणसे या एका राज्यात असावीत. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र असे रुग्ण एकेक-दोनदोन करून प्रसिद्ध होतात. या दोन आकड्यांमधील अंतराचा अर्थ काहींचे निदान होत नाही एवढाच नसून, बहुसंख्यांना निदानाची गरजच पडत नाही असाही आहे. रुग्णालयात आलेल्यांवरून वैचित्र्याचे भयंकरत्व ठरविणे म्हणजे न्यायालयात आलेल्या भाऊबंदांवरून साऱ्या एकत्र कुटुंबांचा निकाल देण्यासारखे आहे.

हे वैचित्र्य अकस्मात सापडू लागले त्याचे श्रेय चित्रणशास्त्राच्या प्रगतीस आहे. राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, परंतु मूत्रवाहिनी हाडांप्रमाणे त्या किरणांना अडवीत नसल्यामुळे तिचे चित्र उमटत नसे. १९०६ मध्ये फोएल्कर आणि फॉन लिख्टेनबर्ग यांनी खालून नळी घालून मूत्रमार्गात चांदीयुक्त द्रव भरला आणि आतील आकार प्रथम स्पष्टपणे दाखविला. तो प्रकार कष्टदायक होता. पुढे १९२९ मध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टराने बर्लिनमध्ये फॉन लिख्टेनबर्ग यांच्याच विभागात काम करून, शिरेतून टोचता येईल आणि मूत्रपिंड स्वतःच मूत्रात उतरवील असे आयोडिनयुक्त द्रव्य उपयोगात आणले. त्या शोधाच्या श्रेयाचा वाद नंतर अनेक वर्षे चालला. तरीही महानीला आणि मूत्रवाहिनी यांचा परस्परसंबंध सिद्ध करण्यासाठी दोन्हींत एकाच वेळी द्रव भरावा लागे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाऊन्सफील्ड या संशोधकाच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी. टी. चित्र घेतले गेले आणि काही वर्षांत हे तंत्र साऱ्या शरीरास लागू झाले. आता नीला व मूत्रवाहिनी एकाच चित्रात दिसतात. तथापि प्रत्येक सी. टी. या कामाचे असतेच असे नाही. मुतखड्यासाठी द्रव्याशिवाय केलेल्या चित्रात मूत्रवाहिनीचा मार्ग नीट लागेलच याची खात्री नसते. त्यासाठी शिरेतून द्रव्य देऊन, ते मूत्रात उतरेपर्यंत काही मिनिटे थांबून, पुन्हा चित्र घ्यावे लागते. सोनोग्राफीत फुगलेले मूत्रपिंड उत्तम दिसते, परंतु मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांतील वायूमुळे बहुधा झाकलेला राहतो.

वैचित्र्य दिसले, पुढे काय? क्रम सरळ आहे. प्रथम रुग्णाची हकीकत नीट ऐकावी, कारण 'लक्षण नाही' असे म्हणणारा मनुष्य खोदून विचारल्यावर कित्येक वर्षांच्या कुशीतील ठणक्याची कैफियत सांगतो. मग लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन, आणि सोनोग्राफीने मूत्रपिंडाची फुगवट व जाडी पाहावी. फुगवट नसेल तर बहुतेकांची चौकशी येथेच संपते. फुगवट असेल तर किरणोत्सर्गी द्रव्याने केलेली मूत्रपिंडाची कार्यचाचणी निर्णायक ठरते: लघवी वाढविणारे औषध दिल्यावर ते द्रव्य दहा मिनिटांच्या आत अर्धे निघून गेले तर अडथळा नाही, वीस मिनिटांहून अधिक लागली तर अडथळा आहे, आणि मधल्या वेळेचा अर्थ संदिग्ध. दोन्ही मूत्रपिंडांच्या कामाची वाटणीही याच चाचणीत कळते. सी. टी. वारंवार करविण्याचा मोह मात्र आवरावा. पोटाच्या एका सी. टी.त साधारणतः ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळते, आणि निसर्गातून मनुष्यास वर्षभरात मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट आहे. वैचित्र्य जन्मभर तसेच राहणार असते; ते पुन्हा पुन्हा पाहून काही नवे दिसत नाही. पाहावयाचे ते मूत्रपिंड, आणि त्यास सोनोग्राफी पुरेशी असते.

अडथळा सिद्ध झाला, लक्षणे त्रासदायक असली, किंवा मूत्रपिंडाचे काम घटत चालले असले तर शस्त्रक्रिया करणे इष्ट. महानीलेमागील मूत्रवाहिनीच्या बाबतीत मोठी नीला कापण्याचा धोका कोणी पत्करीत नाही. मूत्रवाहिनीच फुगलेल्या भागाजवळ छेदून, नीलेच्या पुढे आणून पुन्हा जोडतात, आणि सांधा भरून येईपर्यंत आत एक बारीक नळी ठेवतात. हॅरिल याने १९४० मध्ये अशी यशस्वी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये बाबा आणि त्यांचे जपानी सहकारी यांनी ती दुर्बिणीतून केली, आणि आता दुर्बिणीचा मार्गच अधिक रूढ आहे. मूत्रपिंड पूर्णपणे निकामी झाले असेल तरच ते काढण्याचा विचार होतो. ज्यास अडथळा नाही त्यावर शस्त्रक्रिया करणे म्हणजे निरोगी नळीस जखम करून सांध्याच्या ठिकाणी आकुंचन होण्याचा धोका विकत घेणे होय. आणि त्याचे समर्थन कोणत्याही चित्राने होऊ शकत नाही.

ज्याच्यावर काहीच करावयाचे नाही त्याच्याही बाबतीत नोंदीचे महत्त्व का, हे आता सांगितले पाहिजे. मूत्रवाहिनीस शल्यचिकित्सेत इजा होण्याचे प्रसंग स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियांत सर्वांत अधिक येतात, कारण गर्भाशयाच्या रोहिणीखालून मूत्रवाहिनी ग्रीवेपासून दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. गर्भपिशवी काढणारा शल्यचिकित्सक त्या बाजूची मूत्रवाहिनी ओळखून सुरक्षित बाजूस ठेवतो आणि निर्धास्त होतो. त्याच बाजूस दुसरीही आहे हे त्यास कोणी सांगितले नसेल तर ती दुसरी नळी कापली अथवा बांधली जाण्याचा संभव राहतो. वृषणाच्या कर्करोगात महानीलेभोवतीच्या लसीका ग्रंथी काढताना, नीलेस वळसा घालणारी मूत्रवाहिनी अगदी अनपेक्षित जागी हाती येते. मुतखडा काढण्यासाठी दुर्बिण घालणारा डॉक्टर एका मुखातून वर जाऊन रिकाम्या हाताने परततो, आणि खडा दुसऱ्या मुखाच्या नळीत असतो. जिवंत दात्याचे मूत्रपिंड घेताना मूत्रवाहिन्या किती हे आधी ठाऊक असले तर प्रत्यारोपणाचा बेत त्याप्रमाणे आखता येतो. आरोग्यविम्याच्या करारांतही बाहेरून दिसणारे आणि आतले असा जन्मजात वैगुण्यांचा भेद केलेला असतो. सबब विमा घेताना ठाऊक असलेली गोष्ट लपविण्यापेक्षा लिहून देणे हिताचे ठरते.

सारांश असा की, मूत्रवाहिनीच्या जन्मजात वैचित्र्यांपैकी बहुतेकांना वैद्याच्या हाताची नव्हे, तर त्याच्या लेखणीची गरज असते. चित्रण करणाऱ्या डॉक्टरांनी अशी बाब अहवालाच्या मध्यावर न दडपता निष्कर्षात लिहावी, आणि तीत फुगवट आहे किंवा नाही याचा स्पष्ट उल्लेख करावा. उपचार करणाऱ्यांनी ती रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगावी, आणि अडथळ्याच्या पुराव्याशिवाय चाकूची शिफारस करू नये. वाचकांस विनंती एवढीच की, असा अहवाल तुमच्या किंवा तुमच्या घरच्या कोणाच्या हाती आला तर जमिनीच्या कागदांइतक्याच काळजीने तो जपून ठेवा, आणि पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की तारीख घेण्यापूर्वी तो शल्यचिकित्सकापुढे ठेवा.